मोटर चालू, पाणी बंद: विहिरीवरच्या पंपामागची चारशे वर्षं

मार्च संपत आला की चोपडा, यावल, रावेर, इकडे अमळनेर, पारोळा, कुठंही जा, विहिरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मोटर चालू शे, पन पानी येत नही." मग शोधाशोध सुरू. फुटव्हॉल (पाईपाच्या तळाची झडप) गळतोय का बघा, सक्शनला (विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या पाईपाला) हवा धरली का बघा, ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) आवळा, इंपेलरमधे (पाणी फेकणाऱ्या चाकात) काही अडकलं का ते खोलून बघा. सगळं ठीक निघतं आणि पाईपातून तरी नुसतं फस्स. शेवटी मेकॅनिक भाऊ विहिरीत डोकावतात, पाणी किती खाली गेलंय याचा नजरेनंच अंदाज घेतात आणि सांगतात, मोटर खाली उतरवा. म्हणजे विहिरीच्या आत गर्डर टाकायचे नाहीतर कपारीत जागा करायची आणि तोच मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र जोडलेला) पाण्याजवळ नेऊन बसवायचा. बसवला की पाणी धो धो. पंप तोच, मोटर तीच, लाईट पण तीच.

आता कोणीही विचारेल की एवढा उपद्व्याप कशाला, ५ एचपी काढून १० एचपी लावा ना वरतीच. नाही चालत. ५० एचपी लावली तरी नाही चालत. कारण वर बसलेला पंप खालचं पाणी ओढतच नाही, कधीच ओढत नव्हता. पाणी वर ढकलायचं काम हवा करते आणि हवेची ताकद ठरलेली आहे, ती आपल्या मोटरच्या एचपीवर वाढत नाही.

हे जरा नीट बघू. आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर हवेचा थर आहे आणि त्या हवेला वजन आहे. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण २० फूट व्यासाची विहीर घ्या, तिचं तोंड भरतं २९ चौरस मीटरच्या आसपास, एका चौरस मीटरवर जवळपास १० टन, म्हणजे आपल्या विहिरीच्या पाण्यावर ३०० टन हवा बसलेली आहे, रात्रंदिवस. आपल्यालाही ती दाबतेच, फक्त सगळीकडून सारखी दाबते आणि आतून शरीरही तेवढंच दाबून बसलंय म्हणून कळत नाही. पंप काय करतो, तर आपल्या पोटातलं पाणी गरगर फिरवून बाहेर फेकतो. त्यामुळे पंपाच्या मधोमध, जिथं सक्शन पाईप जोडलाय तिथं, दाब कमी होतो. विहिरीतल्या पाण्यावर मात्र हवा पूर्ण जोराने बसलेलीच आहे. मग ती पाण्याला पाईपातून वर लोटते. तराजू समजा, एका पारड्यात हवा, दुसऱ्या पारड्यात पाईपातलं पाणी. पाण्याचं पारडं भरत भरत १०.३ मीटरला, म्हणजे साधारण ३४ फुटांना, हवेच्या बरोबरीला येतं. तिथं खेळ संपला. पंपाने दाब पार शून्य केला तरी पाणी त्याच्या वर चढणार नाही, कारण शून्याच्या खाली जायला जागाच नाही.

प्रत्यक्षात तर ३४ फूटही मिळत नाहीत, २०-२२ फुटांतच पंप दम टाकतो. पाईपातलं घर्षण, बेंड, फुटव्हॉलची जाळी, सगळे आपापला हिस्सा काढून घेतात. शिवाय अजून एक गंमत आहे. दाब फार उतरला की पाणी न तापता उकळायला लागतं, खरंच उकळतं, त्याला १०० डिग्री लागत नाहीत. पंपाच्या आत अशा वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, जरा पुढे दाब वाढला की फटाफट फुटतात आणि पंपात कोणी खडी टाकलीय असा आवाज येतो. तो आवाज ऐकलेला माणूस विसरत नाही. असा पंप महिनोन् महिने चालवला तर इंपेलर देवीच्या व्रणांसारखा खड्ड्याखड्ड्यांचा होतो. लोक म्हणतात पाण्यात रेती होती. दरवेळी रेतीच असते असं नाही.

हे सगळं माणसाला कळलं कसं, ती गोष्ट भारी आहे. अरिस्टॉटलपासून सगळे मानत आले होते की निसर्गाला पोकळी सहन होत नाही, पंपाने जागा रिकामी केली की ती भरायला पाणी आपोआप धावतं. वाईट स्पष्टीकरण नव्हतं ते, कारण उथळ विहिरीवर अगदी बरोबर चालतं. पण निसर्गाला पोकळी नकोच असेल तर ती ३४ फुटांवर अचानक कशी काय चालायला लागली?

हा पेच गॅलिलिओसमोर आला. १६३८ साली त्याचं शेवटचं मोठं पुस्तक छापलं गेलं, त्यात तिघांचा संवाद आहे आणि त्यातला एक जण सांगतो की टाकीवरचा पंप पाणी उचलेना म्हणून मी दुरुस्तीला माणूस बोलावला, तर तो म्हणाला, दोष पंपात नाही पाण्यात आहे, पाणी फार खाली गेलंय, आणि १८ हातांच्या (तिकडचा हात जवळपास दोन फुटांचा, म्हणजे तेच ३४ फूट) वर तर कुठलाही ओढणारा पंप केसभरही पाणी चढवणार नाही. म्हणजे त्या काळातल्या इटलीतला मेकॅनिक तंतोतंत तेच सांगत होता जे आज आपला मेकॅनिक विहिरीच्या काठावर उभा राहून सांगतो. मर्यादा कारागिरांना पक्की ठाऊक होती, कारण कोणाला ठाऊक नव्हतं. गॅलिलिओचंही चुकलं इथं. त्याला वाटलं की लांब दोर स्वतःच्याच वजनाने तुटतो तसा पाण्याचा खांब तुटत असावा. एवढा मोठा माणूस, आणि उत्तर त्याच्या डोक्यावरच बसलेलं होतं.

खरं तर उत्तराच्या जवळ त्याचा एक मित्र आधीच पोचला होता. जिनोव्हाचा बालियानी. १६३० मधे त्याने गॅलिलिओला पत्र लिहून विचारलं होतं की टेकडीवरून पलीकडे पाणी न्यायला सायफन (वर चढून पलीकडे उतरणारा पाईप) टाकला, टेकडी साधारण २० मीटरची, आणि सायफन काही केल्या चालेना, असं का? पुढच्या पत्रात त्याने स्वतःच सुचवलं की हवेला वजन असेल आणि तेच हे काम करत असेल. गॅलिलिओने ते काही मनावर घेतलं नाही.

सायफनचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं एक सांगतो. विश्वेश्वरय्या १८८४ मधे मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं धुळ्याच्या पश्चिमेला, पांझरेच्या एका प्रवाहाला ओलांडून पाईपचा सायफन टाकणं. पांझरेवर फड पद्धतीचे (सामाईक पाटाने शेतं भिजवायचे) बंधारे आणि पाट पिढ्यान् पिढ्या चालत आलेत, त्यात पाणी उताराने जातं, उपसायचा प्रश्नच नाही. मग बालियानीचा सायफन फेल आणि विश्वेश्वरय्यांचा पास, हे कसं? तर बालियानीचा टेकडीवरून जाणारा होता, वर चढून खाली उतरणारा, तिथं पाणी माथ्यापर्यंत हवेने ढकलायला हवं म्हणून ३४ फुटांची अट आडवी आली. नदीखालून जाणारा सायफन उलटा असतो, पाणी आधी खाली उतरतं आणि आपल्याच दाबाने पलीकडे वर येतं. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा खाली ठेवलं आणि पाईप दाब सोसणारा असला की झालं, मग खोली कितीही असो. नाव एकच, हिशेब मात्र पूर्ण वेगळा.

परत इटलीत येऊ. १६४० च्या आसपास रोममधे बेर्ती नावाच्या माणसाने घराच्या भिंतीला शिशाचा लांबलचक पाईप उभा केला, पाण्याने भरला, वरचं तोंड बंद केलं, खालचं पाण्याच्या पिंपात उघडलं. पाणी थोडं खाली उतरलं आणि त्याच १८ हातांवर थांबलं. पण दुमजली पाईप घेऊन किती प्रयोग करणार. गॅलिलिओचा शेवटच्या दिवसांतला सहाय्यक टोरिचेल्ली, त्याने डोकं लावलं. पाण्याऐवजी पारा घेऊ. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटीहून जास्त जड, म्हणजे पाईपही तितक्याच पटीने आखूड लागणार. १६४३ मधे त्याच्या सांगण्यावरून त्याचा सोबती विव्हियानीने मीटरभर काचेची नळी पाऱ्याने भरली, तोंडावर बोट धरून उलटी करून पाऱ्याच्या वाटीत बुडवली आणि बोट काढलं. पारा उतरला आणि साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबला. ७६ ला १३.६ ने गुणून बघा, १०३४ सेंटिमीटर येतात, म्हणजे आपले तेच ३४ फूट! पुढच्या वर्षी टोरिचेल्लीने मित्राला पत्रात लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडून राहतोय. ती पाऱ्याची नळी म्हणजेच पहिला बॅरोमीटर. पंप का बंद पडतो या भांडणातून हवामान मोजायचं यंत्र निघालं, आणि आज तुमच्या खिशातल्या बऱ्याच मोबाईलमधे त्याच कामाची तांदळाएवढी चिप बसलेली असते.

तरी पण लोकांना हे लगेच पटणारं नव्हतं. फ्रान्समधला पास्कल म्हणाला, हवेचं वजनच जर पाऱ्याला तोलून धरत असेल तर डोंगरावर, जिथं वरची हवा कमी उरते, तिथं पारा खाली यायला हवा. तो स्वतः सारखा आजारी आणि राहायला पॅरिसला, म्हणून त्याने हे काम मेव्हण्याला लावलं. १९ सप्टेंबर १६४८ ला मेव्हणा पेरिये लोकांसोबत प्वी द डोम नावाच्या डोंगरावर नळ्या घेऊन चढला. एक नळी खाली मठात तशीच ठेवली आणि एका पाद्र्याला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला बसवलं, नाहीतर कोणी म्हणेल हवामानच बदललं. खालची नळी हलली नाही. वरची सुमारे ८ सेंटिमीटर उतरली. मला विज्ञानाच्या इतिहासातला हा दिवस फार आवडतो, कारण फॉर्म्युला नाही, मशीन नाही, मेव्हणा आणि डोंगर, बस.

हा प्रयोग आपण खान्देशातही करू शकतो. शहाद्याकडून तोरणमाळला चढा. तोरणमाळची उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, तिथं हवेचा दाब खालच्यापेक्षा साधारण ११-१२ टक्क्यांनी कमी भरतो. मोबाईलमधे बॅरोमीटर असेल तर घाटात प्रत्येक वळणाला आकडा घसरताना दिसेल, साधारण ९ मीटर चढलं की १ हेक्टोपास्कल कमी. आणि हो, ते एकक त्याच पास्कलच्या नावाचं. तोरणमाळला विहिरीच्या काठावर पंप ठेवला तर हवा पाणी ३४ फूट नाही, ३० च्या आसपासच ढकलू शकेल, आणि कामाचं सक्शन त्याहून बरंच कमी.

बरं, आता एक कामाची गोष्ट. सक्शन पाईप फुटला तर पाणी बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. डिलिव्हरी (पंपातून पाणी पुढे नेणाऱ्या) पाईपची चिळकांडी लांबून दिसते, सक्शनची गळती डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तर जॉइंटवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गच्च गुंडाळायची पद्धत पडली. आणि पंप सुरू करायच्या आधी त्यात पाणी भरायचं का, तर हवा पाण्यापेक्षा जवळपास ८०० पट हलकी, इंपेलरने ती कितीही फिरवली तरी दाबात फरक नावापुरताच पडतो. आत पाणी असेल तरच फेकण्यात जोर. फुटव्हॉल म्हणजे ते भरलेलं पाणी धरून ठेवणारं एकतर्फी दार, तळाशी एवढासा खडा अडकला की रात्रीतून पाईप रिकामा आणि सकाळी लाईट आली की पुन्हा बादल्या.

म्हणजे कोडं सुटलं, पण खोल पाणी वर आणायचं कसं हा प्रश्न तसाच राहिला. इंग्लंडच्या खाणींत पाणी भरायचं. १६९८ मधे सेव्हरीने वाफेवर चालणारा पंप काढला, तोही आधी वाफ थंड करून पोकळी करायचा, म्हणजे खालून पाणी आणायला परत हवेच्याच भरवशावर आणि त्याच मर्यादेत अडकलेला. १७१२ मधे न्यूकोमेनने डडलीजवळ जे इंजिन उभं केलं त्यात मेख ही होती की इंजिन वर, पण पंप खाली खाणीत, मधे लांब दांडे. पंप पाण्याजवळ नेला आणि तिथून वर ढकललं. ढकलण्याला ३४ फुटांची अट नाही, पाईप टिकेल आणि ताकद पुरेल तिथपर्यंत ढकला. आपण मोटर उतरवतो ती हीच युक्ती. एक बारीक गंमत म्हणजे न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्या खाली दाबायचं काम वाफ करत नसे, वाफ थंड झाली की परत ती बाहेरची हवाच दट्ट्या दाबायची. जेम्स वॅटने १७६९ च्या पेटंटमधे ते इंजिन सुधारलं आणि त्याचीच घोड्याची मापं आज मोटरच्या प्लेटवर एचपी म्हणून लिहिलेली असतात.

तसं बघितलं तर आपली मोट या भानगडीत कधी पडलीच नाही. चामड्याची मोट पाण्यात बुडायची, भरायची, बैल धावेवर (उतरत्या वाटेवर) उतरले की नाडा तिला सरळ उचलून आणायचा आणि थारोळ्यात (काठावरच्या हौदात) ओतायचा. उचललेल्या पाण्याला हवेची मर्यादा नसते. विहीर ३० फूट असो की ६० फूट, दोर लांब करा, बैलांना जास्त पळवा. सुधारणा म्हणून पंप आला आणि जुन्या साधनाला नसलेली अडचण सोबत घेऊन आला, असं कधी कधी होतं.

मोटरची गोष्ट १८८८ ची. टेस्लाला अमेरिकेत त्या वर्षी पेटंट मिळालं, त्याच सुमाराला इटलीत फेरारिसनेही तीच कल्पना मांडली, आणि १८८९ मधे जर्मनीतल्या दोलिवो-दोब्रोव्होल्स्कीने थ्री फेजवर (विजेच्या तीन तारांवर) चालणारी दणकट मोटर बनवली. आपण विहिरीवर वापरतो ती त्याच घराण्यातली. तिच्या फिरणाऱ्या भागाला वायर जोडलेली नसते, कार्बन ब्रश नसतात, झिजायला बेअरिंग सोडून फारसं काही नाही. तीन फेज एकामागोमाग एक येतात, प्रत्येक जण आपल्या पाळीला जोर लावतो, त्यामुळे आतलं चुंबकी क्षेत्र गोल गोल फिरतं आणि रोटर त्याच्या मागे पळतो. एक फेज नसताना मोटर सुरू करायला गेलं की उरलेल्यांवर ते क्षेत्र फिरत नाही, नुसतं जागच्या जागी पुढेमागे होतं, कुठल्या बाजूला निघायचं ते रोटरला कळत नाही, मोटर घुं घुं करत उभी राहते आणि वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) तापून जळतं. आणि डीपीचं (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीचं) काम झाल्यावर दोन वायरी अदलाबदल झाल्या की क्षेत्र उलटं फिरतं, मोटरही उलटी, पाणी येतं पण बारीक. पाणी अचानक कमी झालं असेल तर विहिरीला दोष द्यायच्या आधी मोटर कुठल्या दिशेला फिरतेय ते बघा राव.

या थ्री फेजचं पहिलं मोठं प्रदर्शन १८९१ मधे फ्रँकफुर्टला झालं. १७५ किलोमीटर लांब लाउफेनला नदीवर वीज तयार केली, तारांवरून आणली, त्यावर सुमारे हजार दिवे लावले आणि शिवाय १०० एचपीची मोटर चालवली. त्या मोटरने काय केलं असेल? पंप चालवला, पाणी वर चढवलं आणि लोकांना बघायला खोटा धबधबा सोडला.

शेवटचा टप्पा म्हणजे पंपासोबत मोटरही पाण्यात बुडवणं. तिफ्लिसमधे (आजचं जॉर्जियातलं तिबिलिसी) जन्मलेला आरुतुनोव्ह नावाचा इंजिनियर यामागे लागला होता, पुढे तो अमेरिकेत गेला आणि १९२० च्या दशकात त्याच्या बारीक लांबोळक्या मोटरी तेलाच्या विहिरींत उतरल्या. तेलासाठी निघालेली ती कल्पना आज सातपुड्याच्या पायथ्याच्या केळीच्या पट्ट्यात शेकडो फूट खोल बोअरमधे सबमर्सिबल म्हणून बसलीय. सक्शन पाईप नाही, पाणी भरायचं नाही, हवा धरायचा प्रश्न नाही, सगळं ढकलणंच.

पण ढकलणं फुकट नाही. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट, त्यातलं निम्मं खरोखर पाण्याला मिळतं असं धरा. ३० फुटांवरून उचलायचं असेल तर सेकंदाला २० लिटर, तासाला ७२ हजार. ३०० फुटांवरून तेच सेकंदाला २ लिटर, तासाला ७२००. उन्हाळ्यात ठिबकवर केळीच्या झाडाला रोज २० लिटरच्या आसपास लागतं, पाच बाय पाचवर एकरी १७४० च्या वर झाडं बसतात, म्हणजे जवळपास ३५ हजार लिटर. ३० फुटांवर पाणी असताना हे काम अर्ध्या तासाचं होतं, ३०० फुटांवर ते पाच तासांचं झालं, आणि लाईट आठ तास येणार असेल तर एका मोटरवर दीड एकराच्या वर जाताना विचार करावा लागतो.

आणि सबमर्सिबलवाल्यांसाठी एवढंच, की तिला गार ठेवणारं पाणी तेच जे ती उपसते. बोअरचं पाणी खाली गेलं आणि मोटर कोरडी चालली तर काही मिनिटांत खेळ खलास, मग पाईप काढायचा खर्च वेगळा, रिवायंडिंगचा वेगळा. ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी संपलं की मोटर बंद करणारं यंत्र) या दोन्हीपेक्षा स्वस्त पडतो, मे महिन्याच्या आधी लावून घ्या.